शिक्षेकडून शास्तीकडे : परकीय चलन कायद्याचा प्रवास

भारतीय कायद्यात शिक्षा आणि शास्ती या दोन भिन्न संकल्पना आहेत. शिक्षा न्यायालय देते. शास्ती प्रशासकीय अधिकारी बसवतो. तुरुंगाऐवजी शास्ती हे धोरण आज रूढ होत आहे. आरंभी मात्र शास्ती ही तुरुंगाला पर्याय नव्हती, ती त्याच्या जोडीला होती.

६ नोव्हेंबर १९४९ रोजी जेद्दाहून मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाकडे १०७.२ तोळे सोने सापडले. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्यान्वये ते जप्त केले आणि १२,००० रुपये भरून सोडवून घेण्याची मुभा दिली. पुढे १९४७ च्या परकीय चलन कायद्याखाली त्याच्यावर फौजदारी खटलाही भरण्यात आला. एकाच अपराधासाठी दोनदा शिक्षा करण्यास संविधानाचा अनुच्छेद २०(२) मनाई करतो, हा त्याचा बचाव होता. 'मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली तो अमान्य केला. सीमाशुल्क अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे; म्हणून त्यांनी केलेली जप्ती ही त्या अनुच्छेदातील शिक्षा ठरत नाही, असा निर्वाळा देण्यात आला.

१९७३ च्या 'फेरा' कायद्यात हीच दुहेरी व्यवस्था अधिक कठोर झाली. रकमेच्या पाचपट शास्ती, शिवाय कारावास. आणि खटल्यात आरोपीचा दोषी हेतू गृहीत धरला जाई. १ जून २००० पासून लागू झालेल्या 'फेमा'ने (१९९९) ही दिशा बदलली. उल्लंघन दिवाणी स्वरूपाचे ठरले आणि शास्तीची मर्यादा तिपटीवर आली. नव्वद दिवसांत रक्कम न भरल्यास मात्र दिवाणी कैदेची तरतूद राहिली. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदी याच वाटेने नेल्या.

या बदलाने सामान्य व्यापाऱ्याची तुरुंगाची भीती कमी झाली, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु शास्ती ही शिक्षा नसेल, तर आरोपीला मिळणारे संरक्षणही तिला पूर्णपणे लागू होत नाही. केवळ अधिकार आहे म्हणून शास्ती बसवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 'हिंदुस्तान स्टील' प्रकरणात १९६९ साली बजावले होते. २००६ मध्ये 'सेबी विरुद्ध श्रीराम म्युच्युअल फंड' प्रकरणात मात्र सेबी कायद्याखालील शास्तीसाठी दोषी हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, असे ठरले. 'फेमा'खाली अपील करतानाही शास्तीची रक्कम आधी भरावी लागते. गंभीर अडचण असल्यासच सूट मिळू शकते.

म्हणूनच तुरुंग हटवणे एवढ्याने सुधारणा पूर्ण होत नाही. योग्य सुनावणी, सकारण आदेश आणि सर्वांना परवडणारे अपील यांची जोड मिळाली, तरच शास्ती न्याय्य ठरते.