चांदोबातला वेताळ आणि चित्रकार शंकर

हैदराबादेत मराठी घरात ‘चांदोबा’ असायचा, तर शेजारच्या तेलुगू घरात ‘चंदमामा’. मजकुराची भाषा निराळी, पण चित्रं तीच! खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि स्मशानातून चाललेला विक्रम राजा दोन्ही घरच्या मुलांना सारखाच ठाऊक. हे चित्र वर्षानुवर्षे ज्यांच्या हातून उतरलं, त्या चित्रकाराचं नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल.

ते म्हणजे के. सी. शिवशंकरन, चित्राखालची सही ‘शंकर’. जन्म १९२४, तमिळनाडूतल्या कारत्तोळुवू या खेड्यात. शिक्षण मद्रासच्या सरकारी कलाशाळेत. तिथे तेव्हा देवीप्रसाद रॉयचौधुरी मुख्याध्यापक होते. पुढे ‘कलैमगळ’ या तमिळ मासिकात काही वर्षं काम केलं आणि १९५२ मध्ये ते ‘चंदमामा’त आले.

नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमधून हे मासिक सुरू केलं होतं. मराठी ‘चांदोबा’ १९५२ चा, म्हणजे शंकर आणि आपला चांदोबा एकाच वर्षीचे. चित्रकारांची कामंही साधारण ठरलेली असत. मुखपृष्ठांवर वड्डादि पापय्या. दासरी सुब्रह्मण्यम यांच्या राक्षस-मांत्रिकांच्या धारावाहिकांना ‘चित्रा’, म्हणजे टी. व्ही. राघवन. वेताळाची ओळख जुळली ती शंकर यांच्याशी.

वेताळाच्या मूळ गोष्टी पंचवीसच. त्या संपल्यावर संपादकांनी नव्या गोष्टी त्याच चौकटीत बसवल्या. गोष्ट दर महिन्याला नवी, पण राजा, प्रेत आणि स्मशान तेच. पन्नासेक वर्षं ही मालिका ओळखीची राहिली, त्यात या चित्राचा वाटा मोठा आहे. गोष्ट वाचता न येणारं पोरही पान बरोबर काढायचं.

आता आपल्या जवळचा धागा. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त या राजाचं नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याचं नगर गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, जे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं. म्हणजे कथेतला राजा मराठवाड्याचा, ग्रंथ काश्मिरी पंडिताचा, चित्र मद्रासच्या तमिळ माणसाचं आणि वाचक इथले मराठी-तेलुगू. आपल्या शहराच्या मिश्र संस्कृतीचा दाखला देताना आपण चारमिनार नि बिर्याणीपाशी थांबतो. हे चित्रही त्यात धरायला हवं.

शंकर जवळजवळ साठ वर्षं चांदोबासाठी चित्रं काढत राहिले. २०१३ च्या सुमारास मासिक बंद पडलं. २९ सप्टेंबर २०२० रोजी ते गेले, आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. मान मिळाला, पण पाहायला ते नव्हते.

मासिकातल्या चित्रकाराचं असंच होतं. लेखकाचं पुस्तक निघतं, ग्रंथालयात त्याच्या नावाची नोंद होते. चित्रकाराचं नाव कोपऱ्यातल्या सहीपुरतं, आणि अंक रद्दीत गेला की सहीही गेली. आबिद्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारात किंवा घरच्या माळ्यावर जुना चांदोबा सापडला, तर विकण्या-टाकण्याआधी पानांचे कोपरे बघा. महिना, वर्ष आणि सही एवढं टिपून ठेवलं तरी पुरे. कोणत्या हाताने काय काढलं, याची नोंद अशीच एकेका अंकातून होणार आहे.