खोक्यातून आलेली मोटार

कर चुकवणे वेगळे आणि कर वाचवणे वेगळे, असे वकील सांगतात. या दोहोंच्या मधल्या अरुंद बोळातून एक अख्खी स्पोर्ट्स कार बाहेर पडली, आणि तीही लोकांच्या घरच्या गॅरेजमधून. गोष्ट इंग्लंडची आहे.

महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४० साली, ब्रिटनने खरेदी कर बसवला. युद्ध संपले, कर राहिला. १९५५ नंतरची काही वर्षे तर मोटारीच्या घाऊक किमतीवर तो ६० टक्के होता. नोकरदार तरुणाने स्पोर्ट्स कार रस्त्यावरून जाताना पाहावी, एवढेच. मात्र कायद्यात एक फट होती. कर तयार मोटारीवर होता. सुटे भाग घेऊन गिऱ्हाईकाने ती स्वतः जोडली तर तो लागत नसे.

या फटीचा सर्वांत हुशारीने उपयोग केला कॉलिन चॅपमनने. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकताना तो जुन्या मोटारींचा धंदा करी. १९४७ च्या अखेरीस सरकारने खासगी मोटारींचे पेट्रोल तोडले, भाव गडगडले आणि एक जुनी ऑस्टिन सेव्हन त्याच्याकडे पडून राहिली. हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या घरच्या गॅरेजात त्याने ती खोलली आणि तिच्यातून स्वतःची पहिली मोटार उभी केली. पुढे १९५२ मध्ये ‘लोटस’चा कारखाना निघाला तो वडिलांच्या हॉटेलामागच्या तबेल्यात. भांडवलाचे २५ पौंड हेझलने दिले होते. चॅपमनची कीर्ती गाताना लोक हे पंचवीस पौंड विसरतात.

१९५७ साली ‘लोटस सेव्हन’ आली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, फोर्डच्या साध्या मोटारीचे इंजिन. दारे नाहीत. वजन जेमतेम अर्धा टन, म्हणून छोट्या इंजिनावरही ती वाऱ्यासारखी पळे. सुट्या भागांसोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. तेव्हा कंपनीने म्हणे मोटार खोलायच्या सूचना दिल्या, आणि गिऱ्हाईकांनी त्या शेवटून पहिल्यापर्यंत वाचल्या. किस्सा खरा की रचलेला, पण कायद्याची चेष्टा कशी करावी हे इंग्रजांकडून शिकावे.

मोटार खोक्यातून येणे आपल्या मुंबईलाही ठाऊक होते. १९२८ पासून शिवडीच्या कारखान्यात जनरल मोटर्स परदेशातून आलेले भाग जोडून गाड्या बनवत असे. पण तिथे जोडणारे हात एकाचे आणि बसणारा दुसरा. इंग्लंडच्या गॅरेजात कारकून, शिक्षक स्वतःच फिटर झाले. इंजिन साखळीला टांगून अलगद सांगाड्यात उतरवायचे. वायरिंगचा गुंता सोडवायचा. ब्रेकच्या नळ्यांत तेल भरून त्यातली हवा काढायची. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाशी बसून पाना फिरवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. आत हवा राहिली तर ऐन वेळी पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. आमच्या ओळीत मात्रा चुकली तर फार तर मुशायऱ्यात दाद मिळत नाही. इथे जीव पणाला असे, आणि दोष द्यायला दुसरा कोणी मिस्त्री नसे.

१९७३ च्या एप्रिलमध्ये खरेदी कर गेला, मूल्यवर्धित कर आला. तो सुट्या भागांवरही लागू झाला आणि सारा फायदा संपला. चॅपमनचे लक्षही तोवर महागड्या गाड्यांकडे वळले होते. हा खेळ तिथेच आटोपायला हवा होता. पण त्याच वर्षी केटरहॅम गावच्या ग्रॅहम निअर्न या विक्रेत्याने सेव्हनचे हक्क घेतले. ती गाडी आजही सुट्या भागांत विकत मिळते. कर वाचत नाही, तरी लोक घेतात.

ज्यांना तीही परवडत नाही, त्यांच्यासाठी रॉन चॅम्पियन या शिक्षकाने १९९६ मध्ये पुस्तक लिहिले: अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार घरी कशी बांधावी. भंगारातली जुनी फोर्ड एस्कॉर्ट आणायची, तिचे इंजिन आणि इतर भाग काढायचे. चौकोनी नळ्या कापून सांगाडा स्वतः वेल्डिंग करायचा. २५० पौंडांत ती किती जणांची झाली असेल, याचा हिशेब बायकांना विचारावा!

अशी मोटार रस्त्यावर आणण्याआधी आता सरकारी तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर सगळे पाहतात. बाहेरची धारदार कड कुणाला लागू नये, हेही पाहतात. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री गॅरेजात दिवा जळत असतो, आणि आतला माणूस कडांना रबराची पट्टी चिकटवत, एकेका नटावर प्लॅस्टिकची टोपी बसवत असतो.