चांदा, कमोडोर आणि नसलेला दुसरा ड्राइव्ह

१/
२६ ऑगस्ट १९८२. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच महिन्यात अमेरिकेत कमोडोर ६४ हा घरगुती संगणक विक्रीस आला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही कमोडोरच्या फ्लॉपी ड्राइव्हमधील एका कुप्रसिद्ध दोषाचा उलगडा करताना चंद्रपूरचा नकाशा उपयोगी पडतो.

२/
१९६४ पर्यंत चंद्रपूरचे नाव ‘चांदा’ होते. नाव बदलले, पण तेथील एक रेल्वे स्थानक आजही ‘चांदा फोर्ट’ आहे आणि भद्रावतीची आयुध निर्माणीही ‘चांदा’ हेच नाव मिरवते. व्यवस्था बदलली तरी जुन्या व्यवस्थेच्या खुणा नव्यात तग धरून राहतात. फलकांवर त्या निरुपद्रवी असतात. यंत्राच्या आज्ञावलीत मात्र घातक ठरू शकतात.

३/
कमोडोर ६४ चा जोडीदार म्हणजे १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह. तो स्वतःच एक छोटा संगणक होता: स्वतंत्र ६५०२ प्रोसेसर, २ किलोबाइट स्मृती आणि रॉम चिपमध्ये कोरलेली १६ किलोबाइटची आज्ञावली. या तुटपुंज्या स्मृतीत मजकुराची ने-आण करण्यासाठी २५६ बाइटचे अवघे पाच बफर होते.

४/
जुन्या फाइलच्या जागी त्याच नावाची नवी फाइल ठेवण्यासाठी नावाआधी ‘@:’ लिहिण्याची सोय होती. ड्राइव्हने आधी नवी फाइल लिहायची आणि मगच जुनीची जागा मोकळी करायची, अशी ही पद्धत. कल्पना सुरक्षित होती. प्रत्यक्षात मात्र या आज्ञेनंतर कधी कधी फ्लॉपीवरील भलत्याच फाइलचा मजकूर बिघडे. अनेक रात्री जागून लिहिलेला प्रोग्राम क्षणात निकामी होई.

५/
वाद पेटला तो यानंतर. दोष दर वेळी प्रकट होत नसे. फ्लॉपीची स्थिती कशी, आधी कोणत्या फाइल उघडल्या होत्या, यांवर तो अवलंबून असे. तक्रारदाराला तो पुन्हा दाखवता येईना. म्हणून काही जाणकारांनी ती अफवाच ठरवली. ज्याचे काम बुडाले, त्यालाच ‘चूक तुझी’ असे ऐकावे लागले.

६/
१९८५ मध्ये फिलिप स्लेमेकर यांनी ड्राइव्हच्या आज्ञावलीचाच माग काढून दोष खरा असल्याचे दाखवून दिले. मूळ सापडले ते वंशावळीत. १५४१ ची आज्ञावली कमोडोरच्या जुन्या जोड-ड्राइव्ह यंत्रांवरून घेतलेली होती. त्या यंत्रांत एकाच पेटीत ‘०’ आणि ‘१’ असे दोन ड्राइव्ह असत. १५४१ मध्ये एकच उरला. पण दुसऱ्याचा विचार करणारे आज्ञावलीचे काही भाग तसेच राहिले.

७/
ड्राइव्हचा क्रमांक न सांगता आज्ञा दिली, की ती अस्तित्वातच नसलेल्या ड्राइव्ह १ चीही दखल घेई आणि पाचांपैकी एक बफर त्यापायी अडकून पडे. पुढे जागा कमी पडली, की चालू कामाचा बफर हिसकावला जाई. मग एकीकडचा मजकूर दुसरीकडे लिहिला जाण्याचा धोका निर्माण होई.

८/
उपाय एका अंकाचा होता: ‘@:’ ऐवजी ‘@०:’ लिहिणे. त्याहून सावध लोक फाइल दर वेळी नव्या नावाने साठवत आणि जुनी नंतर पुसत. रॉम चिपमधील आज्ञावली घरबसल्या बदलता येत नव्हती. त्यामुळे माणसांनाच आपली सवय बदलावी लागली.

९/
इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. दोन साक्षीदार परस्परविरोधी सांगतात, म्हणून त्यांतला एक खोटाच असतो असे नाही. ‘@०:’ लिहिणाऱ्याला दोष भेटला नसेल, तर तोही खरेच बोलत होता. फाइल गमावणाराही खरेच बोलत होता. फरक होता एका शून्याचा. साक्ष फेटाळण्यापूर्वी ती कोणत्या परिस्थितीत घडली, हे तपासावे लागते.

१०/
आज जुन्या संगणकांची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम १५४१ ची मूळ रॉम जशीच्या तशी चालवतात. तो नसलेला दुसरा ड्राइव्ह त्यांतही आपल्या बफरावर हक्क सांगतो, चांदा फोर्टच्या फलकावर ‘चांदा’ आजही टिकून आहे तसाच.