हवाई फोटोंचे दप्तर

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवरून काढलेले फोटो वाचण्याचे ब्रिटनचे मुख्य ठाणे थेम्सकाठच्या मेडमेनहॅम गावाजवळ डेन्सफील्ड हाउस या वाड्यात होते. १९४१ च्या एप्रिलपासून ते तिथे चालले. या ठाण्याची गोष्ट सांगताना वैमानिकाचे धाडस किंवा एखादी तीक्ष्ण नजर पुढे केली जाते. माझ्या मते तिथे खरे काम केले ते दप्तराने: आधीचे फोटो, त्यांच्या नोंदी आणि त्यांची मापे यांनी.

विमान सुमारे नऊ किलोमीटर उंचीवरून जाई. लागोपाठचे दोन फोटो साधारण ६० टक्के एकमेकांवर येतील असा बेत असे. तेच दोन फोटो स्टिरिओस्कोपच्या भिंगांखाली शेजारी ठेवले की कारखान्याची चिमणी कागदातून वर उठलेली दिसे. फोटोची वेळ ठाऊक असली की सावलीच्या लांबीवरून उंची काढता येई. इथवर भूमिती पुरते. पण उभी राहिलेली वस्तू काय आहे, हे भूमिती सांगत नाही. म्हणून वाचन तीन टप्प्यांत चाले: विमान उतरल्यावर दोनेक तासांत पहिले, दिवसभरात दुसरे आणि तिसरे सावकाश, एकेका विषयाला वाहिलेल्या विभागांत. विमाने, कारखाने, रेल्वे, बॉम्बहल्ल्याचे नुकसान अशा प्रत्येक विभागाचा स्वतःचा साठा होता. कालच्या विमानतळावर काय उभे होते हे माहीत नसेल, तर आज तिथे काय बदलले हे कळणार कसे? डोरोथी गॅरडसारख्या पुरातत्त्वज्ञ या कामावर होत्या, हा योगायोग नव्हे. ओ. जी. एस. क्रॉफर्ड आणि अलेक्झांडर कीलर यांनी १९२८ मध्ये वेसेक्सच्या हवाई फोटोंचे पुस्तक काढले होते. पिकाच्या रंगातल्या फरकावरून गाडला गेलेला खंदक ओळखायची सवय त्या विद्याशाखेला युद्धाच्या आधीच लागली होती.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: व्ही-१ हे वैमानिकाविना उडणारे शस्त्र कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांच्या डोळ्यांनी शोधले, कपाटांनी नव्हे. त्यांचे कौशल्य मला पूर्ण मान्य आहे. पण १९४३ च्या नोव्हेंबरात त्यांना पेनेम्युंडे या जर्मन शस्त्रचाचणी केंद्राचे जुने फोटो एका फार लहान विमानासाठी पुन्हा चाळायला सांगितले गेले, आणि चाळायला ते फोटो जागेवर होते. सुमारे २० फूट पंखांचा एक ठिपका त्यांत सापडला. मग २८ नोव्हेंबरला काढलेल्या फोटोत तसाच इवला क्रूस एका चढत्या रुळावर बसलेला दिसला. उत्तर फ्रान्समध्ये आडव्या ठेवलेल्या स्कीच्या आकाराच्या इमारती तोवर नोंदल्या गेल्या होत्या. पेनेम्युंडेजवळच्या झेम्पिनच्या फोटोंशी त्या ताडून पाहिल्यावर दोन्हीकडचा संबंध पक्का झाला. नजर एकीची होती, पण तिच्यासमोर जे मांडले गेले ते अनेकांच्या रोजच्या कामातून जमले होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. साठा नजरेला बांधूनही ठेवतो. जे नोंदीत आहे तेच दिसते, नवे असेल ते ओळखीच्या खणात ढकलले जाते. याचा पुरावा पेनेम्युंडेच देते: त्या रुळांना आधी गाळ उपसण्याच्या यंत्रणेचा भाग समजले गेले होते. १९४२ च्या मे महिन्यात टिपलेली तिथली वर्तुळाकार बांधकामेही तेव्हा कोणाला उलगडली नाहीत. मात्र चुकीच्या अर्थासोबत मूळ फोटोही ठेवला होता, म्हणून नवा प्रश्न घेऊन त्याच्याकडे परत जाता आले. नुसता निष्कर्ष जपला असता, तर गाळाची यंत्रणा गाळाचीच राहिली असती.

आणि असा साठा त्या त्या भूमीपुरताच कामाचा असतो. ग्लिन डॅनियल आणि स्टुअर्ट पिगट हे दोघे पुरातत्त्वज्ञ युद्धकाळात दिल्लीत हेच काम करत होते. युरोपातल्या कारखान्यांची मापे ब्रह्मदेशच्या जंगलाला लावून भागणार नव्हते. पुढे १९६६ मध्ये नेदरलँड्सच्या मदतीने, भारतीय सर्वेक्षण विभागाखाली देहरादूनला फोटो वाचनाची संस्था उभी राहिली. तिच्यापुढेही हीच अडचण होती. दख्खनची काळी जमीन फोटोत गडद येते, आणि पाणी दिलेला तांबडा मळाही गडद येतो. दोन्ही वेगळे ओळखायचे तर कोणीतरी फोटो हातात घेऊन त्या बांधावर जायला हवे, माती पाहायला हवी आणि फोटोच्या पाठीवर ते तारखेसह लिहून ठेवायला हवे.