कच्चं लायसन्स आणि गाडीचा विमा

गेल्या कार्यक्रमानंतर आम्हाला एका ताईंचा फोन आला. घरात जुनी चारचाकी घेतलेली. गाडी ताईंच्या नावावर, आणि मुलगा नुकताच १८ पूर्ण करून कच्चं लायसन्स घेऊन आलेला. विम्याची मुदत संपत आली होती. एजंट म्हणाला, "थर्ड पार्टी करा, स्वस्तात होईल. पोलिसाला दाखवायला कागद झाला म्हणजे झालं." ताईंनी विचारलं, "पोरगं शिकत असताना काही झालं तर हा कागद चालेल का हो?"

उत्तर शोधायला बसलो आणि पार १९३० सालात जाऊन पोचलो. हा कागद मुळात कुणासाठी निघाला ते कळलं, की कोणता घ्यायचा तेही कळतं. म्हणून आज आधी थोडा इतिहास.

इंग्लंडमध्ये मोटारी वाढल्या तशी माणसं चाकाखाली येऊ लागली. जखमी माणूस कोर्टात जायचा, जिंकायचा, आणि मग कळायचं की गाडीवाल्याकडे द्यायला पैसाच नाही. हातात निकाल, घरात अंधार. म्हणून १९३० च्या कायद्याने तिथे विमा सक्तीचा झाला. तो गाडीच्या पत्र्यासाठी नव्हता, गाडीने ज्याचं नुकसान होईल त्या तिसऱ्या माणसासाठी होता. 'थर्ड पार्टी' म्हणतात ती हीच. पहिला पक्ष गाडीमालक, दुसरी कंपनी आणि तिसरा रस्त्यावरचा माणूस.

आपल्याकडे १९१४ साली मोटारींचा पहिला कायदा झाला, पण त्यात विम्याची सक्ती नव्हती. १९३९ च्या कायद्यात ती आली, तरी विम्याचं प्रकरण प्रत्यक्ष लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. सात वर्षं कायदा पुस्तकात आणि माणसं रस्त्यावर! पुढे १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं काढायची सोय झाली. १९९४ पासून आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. नवरा पुण्याजवळ गेला आणि बाई राहते लातूरकडे, तर तिला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. आमच्या मते या सगळ्या इतिहासात बायकांच्या सर्वांत उपयोगाला आलेली गोष्ट हीच.

आता शिकाऊ ड्रायव्हरचं बघू. आज चालतो तो कायदा १९८८ चा. चारचाकीचं कच्चं लायसन्स १८ पूर्ण झाल्यावर मिळतं आणि सहा महिने चालतं. १६ वर्षांच्या मुलामुलींना मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचं. आपल्या दारातल्या बहुतेक स्कूटी त्याहून मोठ्या इंजिनाच्या असतात, म्हणजे ते लायसन्स त्यांना लागू नाही. १९८९ च्या नियमांतला तिसरा नियम शिकणाऱ्यासाठी आहे. पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी हवा, आणि तो गाडी आवरू किंवा थांबवू शकेल असा बसलेला हवा. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. शिकाऊ मुलाने दुचाकीवर शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला मागे बसवायचं नाही.

हे नियम विम्याच्या कागदातही शिरलेत. पॉलिसीवर बारीक अक्षरात ड्रायव्हरचं कलम असतं. त्यात म्हटलेलं असतं की कच्चं लायसन्स असलेला माणूसही गाडी चालवू शकतो, मात्र तिसरा नियम पाळून. म्हणजे ताईंच्या मुलासाठी वेगळी पॉलिसी लागत नाही. इंग्लंडमध्ये विमा घेताना गाडी कोण चालवणार, त्याचं वय काय, हे विचारतात आणि पोरसवदा असेल तर हप्ता चांगलाच चढतो. आपल्याकडे खासगी गाडीचा थर्ड पार्टी दर सरकार ठरवतं, तोही इंजिनाच्या आकारावरून. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, शिवाय कर. चालवणारा १८ चा असो की ६० चा, दर तोच. मुलगा शिकाऊ आहे म्हणून कुणी थर्ड पार्टीचे जादा पैसे मागितले तर कागद दाखवायला सांगा.

पण नियम मोडून गाडी चालवली आणि अपघात झाला, तर? यावर कोर्टात बरीच वर्षं भांडण चाललं. गुजरातमधल्या एका ट्रकचा ड्रायव्हर गाडी क्लीनरच्या ताब्यात ठेवून उतरला. क्लीनरकडे लायसन्स नव्हतं, त्याने ट्रक चालवला आणि त्यात एक माणूस गेला. कंपनीने हात वर केले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्तीचा विमा अपघातात सापडलेल्यांसाठी आहे, कंपनीने पैसे द्यावेत. मग २००४ साली स्वर्ण सिंग खटल्यात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, कच्चं लायसन्स हेही लायसन्सच. दुसरी, मालकाच्या चुकीने अट मोडली असेल तरी कंपनीने आधी नुकसान झालेल्याला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असा आदेश होऊ शकतो.

हे 'मालकाकडून वसूल' आम्ही दोनदा वाचलं. आपल्याकडे गाडी बऱ्याचदा बाईच्या नावावर असते. कर्ज गटातून काढलेलं, सही तिची. चालवतो मुलगा, उडवतो पुतण्या, आणि वसुलीची नोटीस येते तिच्या नावाने. रक्कम छोटी नसते, शेत विकायची वेळ येते.

मूल १८ च्या आतलं आणि बिनलायसन्सचं असेल तर मामला आणखी वाईट. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. "आमचं पोरगं नववीत आहे, पण बुलेट काय मारतं!" असं कौतुकाने सांगणाऱ्या घरांत आम्ही चहा प्यायलोय, म्हणून हे जरा जोरात सांगतोय.

आता स्वस्त कागद की पूर्ण? शिकाऊ मुलाच्या घरी शेजारी बसणाऱ्या माणसाचा विचार आधी करावा लागतो. नुसत्या थर्ड पार्टीत रस्त्यावरचा माणूस येतो, पण खासगी गाडीत बसलेल्यांच्या भरपाईवरून कंपन्या कोर्टात भांडायच्या. २००९ साली विमा नियामकाने कंपन्यांना स्पष्ट कळवलं की पूर्ण विम्यात, म्हणजे पॅकेज पॉलिसीत, गाडीत बसलेले लोक येतात. शिकवायला शेजारी बसलेला काका किंवा मागे बसलेली आजी यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. गाडीचं स्वतःचं नुकसानही पॅकेजमध्येच मिळतं. मात्र शेजारी पक्कं लायसन्सवाला नसेल, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. बारीकसारीक पोच्यांसाठी दावा लावायच्या फंदात पडू नका. दावा न केलेल्या वर्षांची सूट २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते, ती एका बंपरपायी घालवणं परवडत नाही.

आणखी एक खोच आहे. २०१८ पासून मालक-ड्रायव्हरचा अपघात विमा १५ लाखांचा झाला, पण तो मालकाकडे स्वतःचं लायसन्स असेल तरच. ताईंकडे लायसन्स नाही, म्हणजे तो त्यांना मिळत नाही. मुलगा मालक नाही, म्हणून त्यालाही नाही. अशा घराने दोघांच्या नावाने वेगळा अपघात विमा घ्यावा. निदान बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी सुरू ठेवावी. ती १८ ते ७० वयाला चालते आणि अपघाती मृत्यूला दोन लाख देते.

हे सगळं ताईंना सांगितलं. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. पॅकेज पॉलिसी घेतली, मुलाचं नाव बँकेच्या योजनेत घातलं. पण घरात पक्कं लायसन्स एकट्या दिराकडे, आणि तो साखर कारखान्यावर कामाला, फक्त रविवारी मोकळा. म्हणून सहा दिवस गाडीची किल्ली ताईंच्या डाळीच्या डब्यात असते. मुलगा फुगून बसलाय, म्हणाल्या.