बारा रुपयांचा मास्तर आणि आजचा छात्राध्यापक

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

१९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं एक निवेदन आहे. जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेलं. जयंती-पुण्यतिथीला आपल्याला त्यातली एकच मागणी आठवते, ती म्हणजे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. मागणी मोठीच होती. पण त्याच निवेदनात शिक्षक कसा निवडावा, कसा घडवावा, यावरही जोतीरावांनी नेमकं लिहून ठेवलंय. तो भाग भाषणांत फारसा येत नाही.

काय म्हणतात ते? बिनप्रशिक्षित मास्तरांच्या जागी प्रशिक्षित माणसं आणा. ती होता होईल तो शेतकरी वर्गातून घ्या, म्हणजे ती लोकांत मिसळतील. वेळ आली तर नांगर किंवा सुताराची वाकस हातात धरायला लाजणार नाहीत अशी माणसं घ्या. पगार बारा रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या. पोरांना मोडी, बालबोध, हिशेब, शेतीची माहिती यांच्याबरोबर इतिहासाचीही तोंडओळख द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा काही उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी शाळा बघा, तीही न कळवता.

म्हणजे शिक्षक एकदा ट्रेनिंग देऊन सोडून द्यायचा नसतो, त्याच्या कामावर कुणाचं तरी सतत लक्ष लागतं, ही समज १८८२ मध्ये होती.

आता आजचं बघू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं. त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. कागदावर उत्तम. वीस आठवड्यांत माणूस बरंच शिकू शकतो, पण शिकवणारा पाहिजे.

बातमीच्या निमित्तानं मी अनेक शाळांत जातो. छात्राध्यापक दिसतात. हातात पाठ टाचण, भिंतीवर तक्ता. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, उपयोजन, गृहपाठ. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन हर्बार्टच्या शिष्यांनी ठरवलेल्या पाच पायऱ्यांवर आपली टाचणं अजून चढतायत. मागच्या बाकावर बसलेल्या सरांचा शेरा काय असतो? फलकलेखन सुबक हवे. आवाजात चढउतार हवा. वेळेचे नियोजन चांगले. हे शेरे गणिताच्या तासालाही चालतील. इतिहासाबद्दल त्यात अक्षर नसतं.

इतिहासाला वेगळं मार्गदर्शन का लागतं, यावर जगात चांगलं संशोधन झालंय. अमेरिकेत सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १७७५ च्या लेक्झिंग्टनच्या चकमकीची कागदपत्रं त्यांनी इतिहासकारांना आणि हुशार शाळकरी मुलांना वाचायला दिली. काही इतिहासकारांचा तो विषयच नव्हता, सनावळीत एखादं पोरगं त्यांना भारी पडलं असतं. पण कागद हातात आल्यावर इतिहासकार आधी बघायचे की हा कुणी लिहिला, कधी, कशासाठी. मुलं सरळ पहिल्या ओळीपासून वाचत सुटायची, जे छापलंय ते खरं समजून.

हा फरक आपल्या फोनमध्ये रोज दिसतो. महाराजांच्या नावानं फिरणारा मेसेज पुढं ढकलण्याआधी कितीजण विचारतात, हे कुणी लिहिलंय?

गंमत म्हणजे आपलं बालभारतीचं पुस्तक या बाबतीत पुढं आहे. २०१८ पासूनच्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांनी होते. उपयोजित इतिहास आहे, प्रसारमाध्यमं आहेत, ऐतिहासिक ठेव्याचं जतन आहे. खालच्या वर्गांत भौतिक, लिखित आणि मौखिक साधनं आहेत. पण हे शिकवायचं कसं, ते नव्या शिक्षकाला वर्गात उभं राहून दाखवणार कोण? मग मौखिक साधनांची व्याख्याच पाठ करून घेतली जाते.

एका शाळेत एका छात्राध्यापिकेनं वेगळं केलं. पोरांना सांगितलं, घरी आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारून या. दुसऱ्या दिवशी वर्गात लाल मिलो आली, सुकडी आली, खडी फोडायची कामं आली. दोन पोरांच्या आज्यांनी एकाच तलावाच्या कामाची मजुरी वेगवेगळी सांगितली होती. मग खरी कुठली, ती ठरवायची कशी, यावर वर्ग भांडायला लागला. इतिहास शिकवणं म्हणतात ते हेच! वहीत शेरा पडला, ‘घटक पूर्ण झाला नाही, वर्गनियंत्रण कमी.’ तिथंच एखाद्या जाणत्यानं म्हणायला हवं होतं, ‘पोरी, आता या दोन आठवणी तिसऱ्या कुठल्या कागदाशी ताडून बघता येतील ते मुलांना विचार.’ मार्गदर्शन याला म्हणायचं.

त्या सरांनाही दोष देत नाही. निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, वर दोन वर्ग एकत्र. त्यात छात्राध्यापक आला की उलट त्याच्यावरच तास टाकून मोकळं व्हावं लागतं. या कामाचा ना वेगळा वेळ, ना प्रशिक्षण.

नोकरी लागल्यावर पुढं काय? २०२३ पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला सोळा हजार, माध्यमिकच्याला अठरा हजार मानधन. तीन वर्षं. खरं तर ही तीन वर्षं अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली घडण्याची असायला हवीत. आपण ती फक्त कमी पगाराची ठेवली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात मार्गदर्शनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा उल्लेख आहे, पण तालुक्याच्या शाळेत ती उतरायला हवी.

शिकवण्यातून काय उभं राहू शकतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. रियासतकार गो. स. सरदेसाई बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते. राजपुत्रांना इतिहास शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून रियासतींचं काम सुरू झालं. आधी वर्ग, मग ग्रंथ.

माझं म्हणणं साधं आहे. इतिहासाच्या छात्राध्यापकाला इतिहासाचाच मार्गदर्शक द्या. त्या मार्गदर्शकाचे आठवड्याला दोन तास कमी करा. शेरा अक्षरावर नको, मुलांनी कुठला प्रश्न विचारला त्यावर लिहा. आणि गावातले निवृत्त इतिहास शिक्षक या कामाला बोलवा, ते नाही म्हणणार नाहीत.

शाळा व्यवस्थापन समितीत जे कुणी आहात, त्यांनी पुढच्या बैठकीत एवढंच विचारा की आपल्या शाळेत येणाऱ्या छात्राध्यापकांना शिकवतं कोण? काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. त्यावर पुढं बोलू.