एका ‘एक्स’ची कुळकथा

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमात ‘ॲडव्हान्स्ड जावा’ शिकताना एडब्ल्यूटी, स्विंग, नेटवर्किंग, जेडीबीसी असं करत करत शेवटी सर्व्हलेट येतं. भंडारा, तुमसर, साकोलीकडचा एखादा विद्यार्थी सिनिअरच्या वहीतला प्रोग्राम अक्षर न् अक्षर उतरवून घेतो, तो चालवणारा टॉमकॅट सर्व्हर मात्र नवा उतरवतो. ब्राउझर उघडला की समोर ५०० क्रमांकाची चूक, आणि खाली दोन ओळी. पहिलीत ‘नो-क्लास-डेफ-फाउंड-एरर’, दुसरीत ‘क्लास-नॉट-फाउंड-एक्सेप्शन’. दोन्हींत हरवलेला क्लास एकच: जावाएक्स.सर्व्हलेट.एचटीटीपी.एचटीटीपीसर्व्हलेट.

नीट पाहिलं तर पहिल्या ओळीत या नावाचे तुकडे तिरप्या रेघांनी जोडलेले असतात, दुसरीत टिंबांनी. कम्पाइल झालेल्या फाइलच्या पोटात नावं तिरप्या रेघांनीच लिहिली जातात; क्लास शोधून आणणारा क्लासलोडर मात्र टिंबांची भाषा बोलतो. म्हणजे फाइलने नाव मागितलं, क्लासलोडर शोधून आला आणि हात हलवत परतला. एवढी सगळी हकिगत त्या दोन ओळींत आहे.

पण तो क्लास गेला कुठे? त्याची वंशावळ ‘जावाएक्स’ या उपसर्गापाशी, त्यातही शेवटच्या ‘एक्स’पाशी सुरू होते.

जावा भाषा सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जाहीर केली. तिचं आधीचं नाव ‘ओक’ ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे सोडावं लागलं. पुढे सर्व्हरवर चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रामांची, म्हणजे सर्व्हलेटची, पहिली नियमावली सनमधल्या पावनी दिवाणजी यांनी तयार केली. सर्व्हलेट मूळ भाषेचा भाग नव्हतं, वरून जोडायचं ‘एक्स्टेन्शन’ होतं. म्हणून ‘जावा’पुढे ‘एक्स’ लागला.

नवशिक्याची जुनी तक्रार इथूनच जन्मली. जेडीके, म्हणजे जावाचा मूळ संच, टाकलं तरी ‘हे पॅकेज अस्तित्वात नाही’ असं कम्पायलर म्हणतो, कारण ते जेडीकेत नसतंच. ते टॉमकॅटच्या ‘लिब’ फोल्डरमधल्या सर्व्हलेट-एपीआयच्या जार फाइलमधून घ्यावं लागतं.

‘एक्स’चा हा अर्थ फार काळ शुद्ध राहिला नाही. डिसेंबर १९९८ मध्ये जेडीके १.२ आलं तेव्हा स्विंग मूळ संचात दाखल झालं, तेही ‘जावाएक्स.स्विंग’ याच नावाने. घरात आलेल्या पाहुण्याने पाहुण्याचंच आडनाव ठेवावं, तसं. तेव्हापासून ‘जावाएक्स’खाली काही पॅकेजं जेडीकेतली, काही बाहेरची. हा घोळ पुढे महागात पडणार होता.

आता वादाचा मुद्दा. ओरॅकलने २०१० मध्ये सन विकत घेतली आणि २०१७ मध्ये सर्व्हरकडची जावा, म्हणजे ‘जावा ईई’, एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. कोड दिला, ‘जावा’ या नावाचा ट्रेडमार्क दिला नाही. त्यामुळे नवं नाव हवं होतं. २०१८ मध्ये मतदान झालं, त्यात ‘एंटरप्राइझ प्रोफाइल’ हरलं आणि ‘जकार्ता ईई’ जिंकलं.

हे नाव का? सोपं उत्तर भूगोलाचं: जकार्ता हे जावा बेटावरचं शहर. प्रस्तुत लेखकाला ते पुरेसं वाटत नाही. भूगोलच पाहायचा तर बांडुंग आणि सुराबायाही त्याच बेटावर आहेत. जकार्ता निवडलं गेलं, कारण प्रोग्रामरांच्या तोंडात ते आधीच बसलेलं होतं. जेम्स डंकन डेव्हिडसन यांचं सर्व्हलेट इंजिन सनने १९९९ मध्ये अपाची संस्थेला दिलं, तोच टॉमकॅट. ज्या प्रकल्पाखाली तो वाढला त्याचं नाव होतं ‘जकार्ता’. सनमधल्या ज्या बैठकीच्या खोलीत या प्रकल्पाच्या बहुतेक चर्चा झाल्या, त्या खोलीचं हे नाव! जावाचा बोलबाला झाल्यावर सनने खोल्यांनाही त्या बेटावरची नावं दिली असावीत, हा लेखकाचा तर्क. तसं असेल तर भूगोल आला, पण खोलीच्या दारातून. नाव तोंडात बसल्याचा भक्कम पुरावा फाइलींच्या नावांत आहे: टॉमकॅटच्या चौथ्या आवृत्तीच्या काळात उतरवायच्या फाइलीचं नावच ‘जकार्ता-टॉमकॅट’ असे. पुढे टॉमकॅटने ते टाकलं, जकार्ता प्रकल्पही २०११ मध्ये बंद झाला, आणि तेच नाव एक्लिप्सच्या मतदानातून परत आलं.

आणि तेच आज विद्यार्थ्याला अडवतं. मे २०१९ मध्ये स्पष्ट झालं की ‘जावाएक्स’खालची पॅकेजं आहेत तशी वापरता येतील, पण त्यांत बदल करता येणार नाही. म्हणून जकार्ता ईई ८ जुन्याच नावांनी आलं. डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळी नावं ‘जकार्ता’ने सुरू झाली आणि टॉमकॅट १० ने तीच स्वीकारली. ‘टॉमकॅटने जुने प्रोग्राम मोडले’ ही तक्रार म्हणूनच टिकत नाही. मोडतोड ट्रेडमार्कच्या कागदावर झाली, टॉमकॅटवर ती फक्त दिसली.

विद्यार्थी यावर जो पहिला इलाज करतो तो घातक. जुनी सर्व्हलेट-एपीआयची जार तो ॲपच्या ‘वेब-आयएनएफ’मधल्या ‘लिब’मध्ये टाकतो. क्लास सापडतो खरा, पण आता टॉमकॅट म्हणतो की हे ‘जकार्ता’चं सर्व्हलेट नाही, आणि ‘क्लास-कास्ट-एक्सेप्शन’ देतो. सर्व्हलेटचा पत्ता अ‍ॅनोटेशनने दिला असेल तर आणखीच अवघड: टॉमकॅट १० जुन्या नावाच्या अ‍ॅनोटेशनकडे बघतच नाही, नुसता ४०४ दाखवतो.

दुसरा इलाज सरसकट ‘जावाएक्स’ खोडून ‘जकार्ता’ लिहिण्याचा. इथे १९९८ चा घोळ आडवा येतो. ‘जावाएक्स.स्विंग’ आणि डेटाबेसचं ‘जावाएक्स.एसक्यूएल’ जेडीकेत राहतात, ओरॅकलकडून बाहेर गेलेलीच नाहीत, म्हणून त्यांची नावं बदललेली नाहीत. तीही खोडली तर नव्याने हरवलेले क्लास तयार. सर्व्हलेटच्या इम्पोर्टपुरतंच ‘जकार्ता’ करून नव्या जारवर पुन्हा कम्पाइल करायचं. नाहीतर टॉमकॅट ९ टाकायचा. तो ‘जावाएक्स’च ओळखतो, वहीतला प्रोग्राम त्यावर तसाच चालतो. जुन्या ॲपची वॉर फाइल हाताशी असेल तर टॉमकॅट १० मध्ये ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाचं फोल्डर करून त्यात ती ठेवावी. नावं तो स्वतः बदलून घेतो, आणि जेडीकेतल्या ‘जावाएक्स’ला हात लावत नाही.